जांबोटीच्या पुढं शाळा मिळाली, आणि गळ्यात माळ असली तर

कर्नाटकात, बेळगावच्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं नेमणूक झाली की नव्या शिक्षिकांचे मला फोन येतात. तीन प्रश्न ठरलेले असतात: बस आहे काय, खोली मिळते काय, टॉवर येतो काय. चौथा प्रश्न फोन ठेवता ठेवता, जरा दबक्या आवाजात येतो. घरात एकादशी, हरिपाठ, कार्तिकातली काकड आरती असं सगळं चाललेलं, गळ्यात तुळशीची माळ, आणि आता एकटीनं जंगलात राहायचं. ते निभवायचं कसं? हे लिहिते आहे ते त्या चौथ्या प्रश्नासाठी. बस आणि खोलीचंही सांगते, कारण ते जमलं नाही तर हरिपाठही जमत नाही.

मी येळ्ळूरची. घरात आज्जीपासून सगळे माळकरी. दहावीच्या सुट्टीत आज्जीनं पंढरपुरात माझ्या गळ्यात माळ घातली तेव्हा मी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. पुढं डी.एड., टीईटी, आणि मग अतिथी शिक्षिका म्हणून सरकारी मराठी प्राथमिक शाळेत नेमणूक, कणकुंबीच्या बाजूच्या एका वाडीत. वाडीचं नाव लिहीत नाही. घरं इतकी थोडी की नाव लिहिलं तर माणसं लगेच ओळखू येतील.

हा सगळा पट्टा मलप्रभेच्या आणि म्हादईच्या उगमाचा. मलप्रभा कणकुंबीला माऊलीच्या देवळाजवळ उगम पावते, म्हादई देगावच्या रानात. 2011 च्या डिसेंबरात भीमगड अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 190 चौरस किलोमीटरचं, आणि त्याच्या आत-बाहेर गवाळी, कोंगळा, पास्तोली, आमगाव, तळेवाडी अशी गावं आहेत. पाऊस किती? आमगावात 2010 साली 10,000 मिलीमीटरचा आकडा ओलांडला होता. घरटी थोडी भातशेती, नाचणी, काजूची झाडं, एखाददुसरी म्हैस. तरणी माणसं गोव्याला नाहीतर बेळगावला कामाला. गावात उरतात म्हातारी माणसं, बायका आणि आपली पोरं, म्हणजे शाळेतली.

जायच्या आधी

रुजू होण्याआधी एक रविवार काढून गावात जाऊन या. वस्तीची गाडी कुठपर्यंत येते, पावसात ती कुठं थांबते आणि तिथून किती चालायचं हे गावातल्याच बाईला विचारा. पुरुष "हे काय, इथंच" म्हणतात आणि ते इथंच चार-पाच किलोमीटर निघतं. 2023 च्या जूनपासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही, तो आधार मोठा आहे, कारण अतिथी शिक्षकाचं मानधन महिन्याच्या महिन्याला हातात पडेल असं धरून चालता येत नाही. शनिवारी सकाळची शाळा असते. दुपारची गाडी धरली की रविवारी घरी, सोमवारी पहाटे परत.

दुसरं, गावचा देव कोण आणि कुठले वार पाळतात ते विचारून घ्या. पाळणुकीच्या दिवशी शेतात औत जात नाही, काही घरांत दळण-कांडणही बंद असतं. अशा दिवशी पालकसभा ठेवली तर माणसं जरूर येतात. उलट, चिखलणीच्या दिवसांत सभा ठेवली तर तुम्ही आणि भिंतीवरचा नकाशा, दोघंच.

सामान थोडं न्या. हरिपाठाची मोठ्या टायपाची पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत, कापराच्या वड्या (पुस्तकांना बुरशी धरते, कापरानं थोडी कमी धरते), चांगला टॉर्च, जळवांसाठी मीठ, घोंगडी. देव्हारा नेऊ नका. मी विठोबाची एक तसबीर नेली होती. पावसाळ्यात काचेच्या आत पाणी शिरून ती डागाळली, आणि मग तिला टाकवेना नि लावून ठेववेना. आता खोलीत नुसती एक समई आहे.

खोली आणि खोलीतली दुसरी

बहुतेक मराठी शाळेत कन्नड शिकवायला वेगळी शिक्षिका असते, आणि खोलीही बहुधा तिच्याबरोबरच वाटून घ्यावी लागते. माझ्याबरोबरच्या अक्का बैलहोंगलकडच्या, लिंगायत. पहाटे आंघोळ करून इष्टलिंग तळहातावर घेऊन बसतात. त्या वेळी खोलीत भांडं वाजलेलं त्यांना चालत नाही. मला संध्याकाळी दिवा लावून मोठ्यानं म्हणायची सवय. रुजू झाल्या झाल्या आम्ही दोघींनी वेळा ठरवून टाकल्या: पहाट त्यांची, दिवेलागण माझी, आणि चुलीपुढची जागा ज्या दिवशी जी स्वयंपाक करेल तिची. हे आधी बोलून घ्या. देवाधर्मावरून भांडणं होत नाहीत हो, ती पाण्याच्या घागरीवरून होतात. आंघोळीचं पाणी कुणी आधी घ्यायचं, ओलं वस्त्र कुठं वाळत घालायचं, सोवळ्याची घागर वेगळी असेल तर ती कुणी भरायची, एवढं स्पष्ट झालं की बाकीचं आपसूक होतं.

अक्का पौर्णिमेला, त्यांच्या भाषेत हुण्णिमेला, सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जातात. माझी एकादशी. महिन्यातून दोघींचेही दिवस ठरलेले, त्यामुळं शाळेच्या किल्ल्या कुणाकडं, हजेरी कुणी घ्यायची याचा हिशेब पंचांग पुढं घेऊनच होतो. संध्याकाळी मी देवळातून आले की त्या विचारतात, "ऊटा आतेन्री?" (जेवण झालं काय?) आणि मी न जेवता आलेली असले की त्यांची ज्वारीची भाकरी तव्यावर पडलेली असते. मला कन्नड जे आलं ते बहुतेक त्या तव्यापाशी.

देवळात मागं बसा

आता मुख्य गोष्ट. दिवसभर तुम्ही शिकवणाऱ्या. संध्याकाळी शिकवणारेपण शाळेत कुलूप लावून ठेवायचं आणि देवळात विद्यार्थी म्हणून जायचं. माझी श्रद्धा टिकली ती एवढ्या एका गोष्टीनं, असं मला वाटतं, म्हणून इथं जरा जास्त लिहिते.

आमच्या वाडीचं देऊळ म्हणजे चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे, पुढं शेणानं सारवलेली ओसरी. देवी गावची जुनी. विठ्ठल-रुखमाई नंतर कधी तरी बाजूच्या कोनाड्यात आले. सोमवारी आणि एकादशीला भजन. वीणा धरणारे आज्जा निरक्षर आहेत, पण हरिपाठाचे सत्तावीसच्या सत्तावीस अभंग तोंडपाठ, आणि चाल अशी संथ की आमच्या येळ्ळूरला तेवढ्या वेळात सगळा हरिपाठ संपून आरतीही होईल. सुरुवातीला मला वाटायचं, हे असं ओढून का म्हणतात. मग पावसाळ्यात कळलं. पत्र्यावर पाऊस कोसळत असतो तेव्हा भरभर म्हटलेलं शेजारच्यालाही ऐकू येत नाही. संथ म्हटलं, प्रत्येक ओळ दोनदा घेतली, की ओसरीच्या टोकाला बसलेल्या म्हातारीपर्यंत पोचतं.

गावची चाल दुरुस्त करायला जाऊ नका. मोबाइलवरचं एखाद्या बुवांचं भजन लावून "असं म्हणायचं असतं" हे तर कधीच नको. मागं बसा. टाळ हातात दिला तर घ्या, नाही दिला तर हातानं ताल धरा. बाईमाणूस म्हणून तुम्हाला पुढं बसवतील, शिकलेली म्हणून दोन शब्द बोलायला सांगतील. दोन्ही टाळा. माझं उत्तर ठरलेलं असायचं: "आज्जा, मी ऐकायला आलोय." आमच्याकडच्या बायकाही "आलोय"च म्हणतात, शहरी "आलेय" तिथं उगाच कानाला टोचतं.

वर्गणी विचारून द्या. घरटी किती ठरली आहे तेवढीच, जास्त नको. नोकरदार म्हणून जास्त दिली की पुढच्या वर्षी तुमच्या नंतर येणाऱ्या शिक्षिकेकडूनही तेवढीच अपेक्षा होते, आणि शिवाय ज्यांनी भाताचं माप देऊन वर्गणी भागवली त्यांना उगाच कमीपणा येतो. त्यापेक्षा हातानं काम करा. सारवायला जा, समया घासा, सप्त्याच्या वेळी पोळ्या लाटायला बसा. तिथल्या गप्पांत कुठल्या घरात काय चाललंय हे जेवढं समजतं तेवढं कुठल्याच रजिस्टरात नसतं. कोणत्या मुलीचं शाळेतून नाव काढायचं घाटतंय, हे मला पोळपाटावरच कळलं होतं.

परत येताना एकटीनं येऊ नका. खानापूरच्या रानात अस्वलं आहेत, आणि अस्वलाला तुम्ही भजनाहून येताय की बाजाराहून, याच्याशी काही देणं-घेणं नसतं. घोळक्यानं, बोलत, टाळ वाजवत या.

आणखी एक फायदा सांगते, तो शाळेचा आहे. वर्गात पाढ्याला अडखळणारा एक मुलगा देवळात पखवाजावर बसतो आणि ठेका सोडत नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा. मी त्याला वर्गात टाळ्या मोजायला लावल्या, दर आठव्या टाळीला आकडा म्हणायचा. आठचा पाढा आला. त्यात देव नव्हता, नुसती मात्रा होती, म्हणून ते वर्गात चाललं. पण तो मुलगा मला देवळात दिसला नसता तर वर्गात मी त्याला मठ्ठच समजत राहिले असते.

शाळेच्या उंबऱ्याच्या आत

इथं मी कडक आहे. राज्यघटनेचं 28 वं कलम सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. म्हणजे परिपाठात नाडगीत (कर्नाटकाचं राज्यगीत), संविधानाची प्रस्तावना, दिनविशेष एवढंच; हरिपाठ नाही. पाठ्यपुस्तकात संतांची कविता असेल तर ती कविता म्हणून शिकवायची, अर्थासकट, आणि परीक्षेला विचारायची. ती झाल्यावर "चला, आता हात जोडा" म्हणायचं नाही.

पालकच म्हणतात, "बाई, पोरांना जरा भजन शिकवा की, वळण लागंल." वाईट हेतूनं म्हणत नाहीत. पण माझ्या वर्गात काजूच्या बागेवर राखणीला असलेल्या ख्रिस्ती घरचं पोर आहे, गवळी धनगरांची पोरं आहेत ज्यांचे देव वेगळे आणि दसऱ्याचा गजा नाच वेगळा. बाईनं वर्गात टाळ हातात घेतला की त्यांना 'आपण बाहेरचे' हे कुणी न सांगता कळतं. मी पालकांना सांगते, "शिकवायला आज्जा आहेत. संध्याकाळी तुम्ही घेऊन या, मी पण तिथंच बसतो." आले तर आले. यात माझी भक्ती कमी पडते असं आजवर कुणी म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी मी बदलले नसते.

आता अंड्याचं. माळकरी शिक्षिकेला सगळ्यात आधी अडवतं ते हेच. आमच्या राज्यात अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाबरोबर अंडं मिळतं. 2024 मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीनं ते आठवड्याचे सहा दिवस करायचं ठरलं. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं; आधी चिक्कीही असायची. अंडी उकडतात स्वयंपाकाच्या मावशी, पण मोजून द्यायची, लहानांना सोलून द्यायची, कोण खातं-कोण नाही याची नोंद ठेवायची ती आपण. घरी ज्या हातानं अंड्याला कधी शिवले नव्हते त्या हातानं हे करायचं म्हटल्यावर पहिल्यांदा पोटात ढवळतं, खोटं कशाला सांगू. काही जणी मावशींवर सोपवून बाजूला होतात. माझं म्हणणं, सोलून द्या. तुम्ही नाक मुरडलं की पोरं ते बरोबर टिपतात. मग एखादी हुशार पोरगी बाईंसारखं व्हायचं म्हणून अंडं सोडते, आणि तिच्या घरी तर कडधान्यही रोज नसतं. पहिली ते तिसरीची पोरं नली-कलीच्या, म्हणजे खेळत शिकायच्या पद्धतीच्या, गटात जमिनीवर बसलेली असतात, मी तिथंच पंगतीत बसून सोलते. नंतर हात धुते, बस्स.

चवीचा प्रश्न त्याहून अवघड. पोरांना वाढायच्या आधी शिक्षकानं जेवण चाखून बघायचं असतं, तसा नियम आहे, आणि तो चांगला नियम आहे. एकादशीला काय करायचं? शाळा सुधारणा समितीतल्या एखाद्या आईला त्या दिवशी चव घ्यायला बोलवता येतं. आमच्याकडे अक्का असतात. पण अक्का रजेवर आणि पावसात कुणी पोचलेलं नाही असा दिवस येतोच. तेव्हा मी भात-सांबार चाखते. आज्जांना विचारलं होतं मी, की उपास मोडला म्हणायचा काय. त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "पोरांच्या ताटाची चव बघून घालायची नाही, तर मग बाई कशाला ठेवलीया सरकारनं?" शास्त्रात याला काय उत्तर आहे ते बुवांना विचारा. मी एवढ्यावर थांबले.

त्या चार दिवसांचं

कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. तुम्ही ज्यांच्या घरात भाड्यानं राहाल तिथं शिवाशिव पाळत असण्याची शक्यता मोठी. घरमालकीण काकू वाईट नसतात. त्यांनी आयुष्यभर तेच केलंय. मी तोडगा काढला तो असा: त्यांच्या स्वयंपाकघरात आणि देवळात त्या दिवसांत जात नाही, विचारलं तर खोटं बोलत नाही, आणि माझ्या खोलीत माझा हरिपाठ एकही दिवस चुकवत नाही. विठोबाला त्यात काही अडत असेल असं मला वाटत नाही. काकूंना अडतं, आणि मी त्यांच्या छपराखाली राहते.

मात्र मोठ्या मुलींना वर्गात मी सगळं सरळ सांगते, शरीराचं चित्र काढून, विज्ञानाचा तास म्हणून. पॅड कुठं ठेवलेत तेही सांगते. त्या दिवसांत मुली शाळा बुडवतात, ते थांबलं पाहिजे. देवळाचं त्यांचं त्या मोठ्या झाल्यावर ठरवतील.

जत्रेचं आमंत्रण आणि गवळीवाडा

देवीच्या जत्रेला बकरं पडतं. प्रत्येक घरातून "जेवायला या" म्हणून निरोप येतो आणि नाही म्हणणं म्हणजे घराचा अपमान. जा. आदल्या दिवशी नुसतं सांगून ठेवा की मी माळकरी. गावात माळकरी घरं असतातच, एकाच घरात नवरा माळकरी आणि बाकीचे खाणारे हेही असतं, त्यामुळं वेगळं भांडं कसं ठेवायचं हे त्यांना तुमच्याहून चांगलं माहीत असतं. नाचणीची भाकरी, उसळ, गोडाचं जेवा, दोन घरं जास्त फिरा. फक्त तिथं बसून जीवहत्येवर प्रवचन नको. वर्षातून एकदा ताटात मटण पडणाऱ्या माणसापुढं तर नकोच नको.

गवळीवाड्यावर जायचं तर गोठ्याशी चप्पल काढायची आणि म्हशींच्या बाजूनं न विचारता जायचं नाही. दूध-ताक देतात, एकादशीलाही चालतं, त्यामुळं नाही म्हणायला कारणच नाही. त्यांचा मोठा सण दसरा, त्यांच्या तोंडी शिलंगण. दसऱ्याच्या सुट्टीत एकदा तरी तिथं थांबा. त्यानंतर हजेरीत फरक पडतो. का पडतो ते मला नीट सांगता येणार नाही, पण पडतो.

पावसात कोरडं पडल्यावर

जुलै महिना धरून चाला. वीज गेलेली, टॉवर नाही, नाल्याला पाणी, कपडे आठवडाभर ओले, वर्गात निम्मी पोरं खोकणारी. पोथी उघडली तर पानं चिकटलेली. अशा वेळी मन उठत नाही. त्यासाठी नेम आधीच बारीक करून ठेवा: सगळा हरिपाठ जमत नसेल तर एक अभंग, तोही नसेल तर दिवा लावून पाच मिनिटं गप्प. जेवढं ठरवलं तेवढं रोज करा, वाढवू नका. चांगल्या दिवशी हुरूप येऊन नेम वाढवला की तो वाईट दिवशी मोडतो आणि मग सगळंच सुटतं.

एका पावसाळ्यात वाडीतल्या बाळंतिणीला बांबूला घोंगडी बांधून नाल्यापलीकडं न्यावं लागलं. बाई वाचली, मूल गेलं. त्यानंतर सोमवारी मी देवळात गेले ती सवयीनं. तोंडून शब्द निघेना, आणि मला राग आला होता, कुणाचा ते माझं मलाच माहीत नव्हतं. आज्जांनी काही समजावलं नाही. देवाची इच्छा, प्रारब्ध असलं काही बोलले असते तर मी उठून गेले असते. त्यांनी टाळ पुढं केला. "नुसता ताल धरा बाई. म्हणायचं आमी बघतो."

तेव्हापासून मी नव्या मुलींना हेच सांगते. मन लागत नाही त्या दिवशी देवळात जाणं टाळू नका. म्हणू नका, नुसता ताल धरा. म्हणणारे दुसरे असतात. घरच्या देव्हाऱ्यापुढं एकटीनं हरिपाठ म्हणणाऱ्या मला हे माहीतच नव्हतं की आपण म्हणत नाही त्या दिवशीही अभंग चालू राहतो. माळ आज्जीनं घातली होती. ती ठेवायची असं मी ठरवलं ते त्या पावसाळ्यात.

पावसाळ्यातली सेवा म्हणाल तर कागद वाचून दाखवणं. वनखात्याची नोटीस, रेशनचा फॉर्म, पीकविमा, सगळं कन्नडात, आणि म्हाताऱ्या माणसांना मराठीही वाचता येत नाही. जंगलातून बाहेर वसवण्याची बोलणी चालू झाली की रोज कुणी ना कुणी कागद घेऊन दारात. तुमचं मत देऊ नका. काय लिहिलंय ते ओळ न ओळ मराठीत सांगा, अडलं तिथं अक्कांना विचारा, सही कुठं आणि कशावर होतेय ते दाखवा. मला एका म्हातारीनं विचारलं होतं, "आमी जाऊ ओ, पण देवी कुठं न्यायची? ती तर दगडातली हाय." फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. तेवढं मी तिला खरं सांगितलं.

वारी आणि सप्ता: सुट्टीचं गणित

आमच्याकडं शाळा मे अखेरीस सुरू होते, म्हणजे आषाढी वारीचे दिवस ऐन प्रवेश आणि पुस्तकवाटपाचे. पायी दिंडी शिक्षिकेला जमत नाही, त्याचं दुःख करत बसू नका. वाऱ्या चार आहेत. चैत्री एकादशी एप्रिलच्या मध्यानंतर आली की उन्हाळी सुट्टीत बसते. कार्तिकीला एखादी रजा पुरते. खानापूरहून मिरज आणि मिरजेहून पंढरपूर असा रेल्वेनं जायचा मार्ग सोपा. आषाढीला गावातच थांबा. हब्बनहट्टीच्या मारुतीपाशी, मलप्रभेच्या काठी, पोरं सुट्टीच्या शनिवारी तुम्हाला घेऊन जातील तेवढी वारी पुरे.

पारायणाचे सप्ते माघापासून चैत्रापर्यंत, म्हणजे परीक्षांच्या तोंडावर. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत, म्हणजे रोज साडेबाराशेच्या पुढं. शाळा करून वाचायला बसणं होत नाही. वाचक म्हणून नाव देऊ नका, वीणेचा रात्रीचा पहारा मागून घ्या. वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते, आणि मध्यरात्रीनंतरचा तास घ्यायला माणूस मिळत नाही. काही गावांत बाईच्या हाती वीणा देत नाहीत. तिथं पहारेकऱ्याला चहा करून द्या आणि जाग्या राहा.

निघताना

अतिथी शिक्षकाची नेमणूक वर्षापुरती. पुढच्या जूनला हेच गाव मिळेल याची खात्री नसते, म्हणून मार्चमध्येच आवराआवर करून ठेवा. प्रत्येक पोर कुठल्या पाठावर आहे, कोणाच्या घरी काय अडचण आहे, हे नव्या शिक्षिकेसाठी एका वहीत लिहा. त्यात कोणत्या वारी सभा ठेवू नये हेही लिहा. देवळात निरोप समारंभ करू देऊ नका. काही द्यायचंच असेल तर घंटा, ताट असं नाव घातलेलं देऊ नका. आमच्याकडं दर पावसाळ्यात पखवाज सर्दाळतो, चुलीपाशी शेकून शेकून त्याचं कातडं जातं. पुडी बदलायला बेळगावला न्यावा लागतो आणि ते भजनी मंडळाला दरवर्षी परवडत नाही. खर्च किती येतो ते आज्जांना विचारा, पैसे त्यांच्या हातात द्या, आणि पखवाज शनिवारच्या गाडीनं बेळगावला न्यायचं कामही स्वतःकडंच घ्या.